ठगूचा पांढरा दगड

ठगू गेल्याचं कळलं तेव्हा मी मिरचीचे देठ खुडत होते. थंडीच्या दिवसांत आमच्या ब्राह्मणपुरीत ओट्यावर बाई बसली आहे आणि तिच्यापुढे लाल ढीग नाही, असं सहसा होत नाही. समोरच्या दारातून तिची सून रंजना धावत आली. पायात चप्पल नव्हती. म्हणाली, "मोठमाय, चाल बरं. आई उठी नही ऱ्हायनी." मी उठून हात धुवायला घेतले. ती म्हणाली, हात राहू दे. मी म्हटलं, मिरचीचे हात मेलेल्या माणसाला लावू नयेत, आणि जिवंत असली तर मुळीच लावू नयेत. हात धुऊनच गेले. ठगू कुशीवर झोपलेली होती, मोडलेला उजवा हात उशीवर ठेवून, जसा ती अलीकडे ठेवत असे. कपाळ गार होतं. मी रंजनाला सांगितलं, "पाणी नको आणू. सुरतले किशोरला फोन लाव." किशोर म्हणजे ठगूचा मुलगा, रंजनाचा नवरा. तो तिकडे कापडाच्या कारखान्यात आहे.

लोक यायला लागले, तसे सगळे एकच विचारत होते, आजारी होती का? नव्हती. रात्री भाकरी खाल्ली, भांडी घासली, झोपली. आमच्याकडे आधीची लेकरं जगली नाहीत की पुढच्या मुलीचं नाव ठगू ठेवायचे, म्हणजे मरण फसेल. तिच्या आईने फसवलं आणि ते चांगलं म्हातारपणापर्यंत फसलं. यात रडण्यासारखं फार नाही. पण ही बाई कशी होती ते कुणीतरी सांगायला हवं. तिच्याबद्दल जे बोललं गेलं त्यात "फार प्रेमळ होत्या" एवढंच निघालं, आणि ती प्रेमळ नव्हती. ती नीट होती. नीट असणं जास्त अवघड आहे.

नात्याने ती माझी धाकटी चुलत जाऊ. मला जिजी म्हणायची. तिच्या सासरी पिठाची गिरणी होती. गिरणीचे दगड दळून दळून गुळगुळीत होतात, मग दाणा फुटत नाही, नुसता चेंगरतो. तेव्हा दगड उघडून त्याला टाकी लावावी लागते, म्हणजे छिन्नीसारख्या हत्याराने ठोकून तो पुन्हा खरबरीत करावा लागतो. तिचा नवरा रतनभाऊ एका लाकडी पट्टीला गेरू लावायचा आणि ती पट्टी दगडावरून फिरवायचा. जिथे दगड उंच तिथे लाल लागायचं, तिथे टाकी मारायची. ठगू बघत बसायची. पुढे पिठाच्या धुळीने रतनभाऊची छाती भरली, तो खाटेवर बसून खोकत राहिला आणि टाकी तिने हातात घेतली. गावाने थोडे दिवस तोंड वाकडं केलं. दळण मात्र तिच्याकडेच आणलं, कारण दुसरी गिरणी लांब होती.

एकदा मी रांगेत होते. एक बाई दळण घेऊन परत आली. म्हणाली, भाकरी तुटते, पीठ बरोबर नाही. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, तुझी ज्वारीच तसली. ठगूने पीठ चिमटीत घेतलं, चोळलं, जिभेवर ठेवलं आणि पट्टा काढून गिरणी बंद केली. "दगड मन्हाच खराब शे. आज कोणंच नही दळाव. सकाय या." आम्ही सगळ्या डोक्यावर डबे घेऊन घरी. मी तिला वाटेल ते बोलले. घरात पीठ नव्हतं, त्या दिवशी आम्ही खिचडी खाल्ली. पण दुसऱ्या दिवशीचं पीठ मी आजही विसरले नाही… पुढे घराघरांत छोट्या गिरण्या आल्या. तिच्या गिरणीची मोटार विकली गेली. पडवीत उरलं ते टेबल, त्यावरची जाड काच, आणि टाकी.

गिरणी गेली तरी भावकीत तिचं एक काम पक्कं होतं. बट्टी कापायचं. वरण-बट्टी बाहेरच्यांना माहीत असते ती ताटातली. त्याआधी काय असतं ते सांगते. जाडसर दळलेल्या गव्हाच्या पिठात ओवा, हळद, मोहन घालून घट्ट मळायचं, पदर पडतील असे गोळे वळायचे आणि ते वाफवायचे. गार झाले की कापायचे, मग तळायचे. सगळी गोम त्या कापण्यात आहे. सुरी बोथट असली की गोळा दबतो, पदर तुटतात, भुगा पडतो. तो भुगा कढईत जातो, जळतो, तेल काळं होतं आणि पुढची प्रत्येक बट्टी कडू लागते. शे-दोनशे माणसं जेवायची असली की हे गमतीचं राहत नाही. ठगूकडे ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याच्या पोलादाची लांब सुरी होती, शहाद्याच्या लोहाराकडून करून घेतलेली. ती बसली की परातीत भुगा दिसत नसे.

मग ती न्हाणीत पडली आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं तेव्हा हात वाळल्या शेंगेसारखा झाला होता. तांब्या उचलताना दुसरा हात लावायची. त्यातच तिचा जुना धार लावायचा दगड, आधीच मध्ये होडीसारखा खोल झालेला, पडून दुभंगला. आणि आमच्या घरी नातीचं लग्न निघालं. मांडवाच्या दिवशी वरण-बट्टी. माझ्या मुलाने शहाद्याचा आचारी बघितला, त्याची कापणारी माणसं त्याच्याबरोबरच येणार होती. मला ते पटलं. मी समोर जाऊन ठगूला सांगितलं. असल्या गोष्टी दुसऱ्याच्या तोंडून कळू नयेत.

"ठगू, तुन्हा हात आते कामना नही ऱ्हायना. बट्टी आचारीना मानसं कापतीन."

ती वाटाणे सोलत होती, डाव्या हाताने. मान वर केली नाही. "जिजी, हात कापस का धार कापस?"

"दोन्ही लागतस."

"मंग धार मी आनसू. हात जितला शे तितला पुरी."

मी म्हटलं, ठीक. मांडवाआधी माझ्या ओट्यावर एक गोळा कापून दाखव. भुगा पडला तर आचारी. ती म्हणाली, "ठरनं." तिला माझा राग आला नाही, मलाही तिची दया आली नाही. पण तिच्या दृष्टीने ते लहान नव्हतं, हे मला दिसत होतं. गिरणी गेली होती, नवरा गेला होता. मांडवात परात पुढे ओढून बसायची जागा तेवढी राहिली होती. ती एकदा गेली की दुसऱ्यांदा कुणी बोलावत नाही. बायका म्हणतात, तुम्ही बसा आता, आराम करा. त्याचा अर्थ आमच्या वयाच्या बाईला बरोबर कळतो.

किशोरने सुरतेहून तिला नवा दगड आणला. पांढराशुभ्र, साबणाच्या लांब वडीएवढा, खोक्यात कापडात गुंडाळलेला. सिरॅमिकचा. तो म्हणाला, "आई, याले तेल नको, पानी नको. जलमभर झिजत नही." ठगूने तो हातात तोलला आणि म्हणाली, "जे झिजत नही ते सुधरत बी नही." किशोर हसला. दोन दिवसांनी सुरतेला गेला.

तिने सुरी घासली आणि घरातल्या घरात एक गोळा वाफवून बघितला. भुगाच भुगा. पुन्हा घासली. आणखी भुगा. सुरी अंगठ्याच्या नखावर टेकवली तर पूर्वी जागच्या जागी धरायची, आता घसरायची आणि मध्येच ओरखडायची. मला हाक मारली. आम्ही दोघींनी तो दगड उन्हात तिरपा धरून बघितला, कापडाचा दोष बघतात तसा. वरून दूध ओतल्यासारखा दिसणारा दगड तिरपा धरला तर त्यावर बारीक बारीक सऱ्या होत्या, नांगरलेल्या शेतासारख्या. यंत्राने कापल्याच्या. नख फिरवलं की टकटक लागायचं. एका बाजूला फुगवटा होता, आणि एका ठिकाणी काचेसारखी चकाकी, तिथे सुरी नुसती सरकायची.

मी म्हटलं, "फेकी दे. शहाद्याले जाईसन दुसरा लई ये."

"दुसरा बी असाच निंघना मंग?"

तिने पुढे जे केलं ते गिरणीवालीच करू जाणे. आत गेली, रतनभाऊची टाकी घेऊन आली. तिच्या हिशेबाने दगड म्हणजे दगड. उंच आहे, ठोका, दाणा दाणा सुटेल. पहिला घाव घसरला. दुसरा तिने जोर लावून मारला आणि कोपऱ्याचा टवका उडून माझ्या मिरचीच्या सुपात पडला.

"डोया जाता व्हता मन्हा!" मी ओरडले.

ती दगडाकडे बघत होती. कोपऱ्यात तुरीच्या डाळीएवढा खड्डा. जन्मभर काळ्या दगडावर हात बसलेला, तो या पांढऱ्यावर फसला. खड्ड्यात बोट घालून म्हणाली, "हाऊ दगड नही जिजी, कपबशी शे." मग दोघी हसलो, हसण्यासारखं काही नसताना.

संध्याकाळी किशोरचा फोन आला. दगड खराब निघाला असेल तर परत करता येईल, तो म्हणाला. तिने सांगितलं, "आते व्हवाव नही. कोपरा मी फोडी टाका." दुसरी आई असती तर म्हणाली असती, आधीच फुटका होता. हिला ते सुचलंसुद्धा नाही.

पुढचे काही दिवस दगड तसाच पडून राहिला. मांडव जवळ आला. मी मुलाला सांगून टाकलं, आचाऱ्याला कापणारी माणसं आणायला सांग. या वेळी मी समोर सांगायला गेले नाही, पण तिच्या कानावर ते गेलं असणार, गावात काही लपत नाही. ती भांडायला आली नाही. दगड पिशवीत घालून, बसमध्ये बसून विसरवाडीला लेकीकडे गेली. तिच्या जावयाचं तिथे हायवेवर ट्रकचं गॅरेज आहे. इंजिनाचा व्हॉल्व्ह नीट बसत नसला की तिथे एक खरबरीत, काळपट पेस्ट लावून तो जागेवर घासतात, दोन्ही तोंडं एकमेकांना जुळेपर्यंत. ही गॅरेजच्या बाकड्यावर बसून ते बघत राहिली. लेक म्हणाली घरात चल, तर गेली नाही. शेवटी जावयाला विचारलं, ही पेस्ट लोखंड खाते तर या दगडालाही खाईल का? जावई म्हणाला, "मामी, माहीत नाही. घासून बघा." त्याने दोन डब्या दिल्या, एक जाड, एक बारीक. त्या घेऊन ती परत आली.

पडवीतल्या टेबलावरची जाड काच तिने काढली, ओट्यावर मांडली, खाली ओलं फडकं घातलं म्हणजे सरकू नये. सपाट म्हणावं असं घरात तेवढंच होतं. पाटा खोल, धुण्याचा दगड खोल, फरशीला उतार. काचेवर पेस्ट पसरली. आधी दगडाला गेरू लावून बघितला, रतनभाऊ लावायचा तसा. तो पेस्टच्या चिकटपणात एका घासणीत सगळा गेला. मग सुताराची पेन्सिल आणली आणि दगडावर आडव्या-उभ्या रेघा मारल्या. दगड उलटा करून काचेवर घासला, धुण्याच्या पावडरीने धुतला, उन्हात धरला. फुगवट्यावरच्या रेघा गेल्या होत्या. बाकीच्या तशाच.

"दख," ती म्हणाली. "जठे रेघ गयी तठे उंच. जठे ऱ्हायनी तठे खोल. आते सगळ्या जाईपर्यंत घासनं."

ते काम दिसायला सोपं आहे. तो दगड इतका कडक की तासभर घासून नखाएवढी जागा सुधारायची. आवाज असा की दात शिवशिवायचे. उजव्या हातात जोर नव्हता, म्हणून डावा हात ढकलायचा आणि उजवा नुसता वर बसलेला असायचा, मालकासारखा. रेघा गेल्या की पुन्हा मारायच्या. दुपारच्या दुपारी त्यात गेल्या. मी शेजारी मिरच्या घेऊन बसायचे.

"इतला येळमा शहाद्याथीन दोन दगड येतात," मी म्हणायचे.

"त्यासले बी घासनंच पडतं."

असं चाललं. एकदा तिला दम लागला आणि ती भिंतीला टेकून डोळे मिटून बसली. मी म्हटलं, आण इकडे, मी घासते. तिने दगड दिला. मी घासायला लागले, तर डोळे न उघडता म्हणाली, "एकच बाजूले जोर देऊ नको. आवाज बदलना." कानाने ऐकत होती बाई. मी दगड परत दिला.

शेवटी बारीक पेस्टवर घासून तिने तो धुतला. चकाकी गेली होती, सऱ्या गेल्या होत्या. नख कुठेच अडत नव्हतं. पेन्सिलची एकच बारीक रेघ उरली होती, फुटलेल्या कोपऱ्याच्या खड्ड्यात. मी बोट ठेवलं. "आनि हाई?"

"सुरी तठे जात नही," ती म्हणाली.

त्याच संध्याकाळी तिने माझ्या ओट्यावर गोळा कापला. सुरी गोळ्यावर ठेवली आणि ओढली, दाबली नाही. पातं आपल्या वजनाने खाली गेलं. काप आडवा पडला, त्याचे पदर वहीच्या पानांसारखे सुटे दिसत होते. तिने सगळा गोळा कापला. मी परात उजेडाकडे केली, तळव्याने पुसली, तळवा बघितला. मग मुलाला हाक मारून सांगितलं, आचाऱ्याला म्हणावं वरण आणि वांग्याची भाजी तेवढी कर, बट्टी ठगू कापेल.

मांडवाच्या दिवशी ती सकाळपासून बसली. मनगटाला ओलं फडकं बांधलं होतं. आचाऱ्याची माणसं सुरुवातीला तिच्याकडे बघून एकमेकांना कोपरखळ्या मारत होती. दुपारी आचारी कढईवर वाकला आणि म्हणाला, "काकू, तेल ते जसंना तसं शे!" ती म्हणाली, "तेलले काय व्हस?" आणि पुढचा गोळा ओढला. सगळं संपल्यावर तिला हात मुठीत मिटता येत नव्हता. रंजनाने तो कोमट तेलाने चोळला. मी तिला म्हटलं, "बरी कापनी." माझ्याकडून याच्या वर कुणाला काही मिळत नाही, हे तिला माहीत होतं. ती म्हणाली, "वरणमा मीठ कमी व्हतं."

त्यानंतर आळीतल्या सगळ्या सुऱ्या तिच्याकडे जायला लागल्या. दगड मात्र तिने कुणाला उसना दिला नाही. सुरी आणा, इथे बसा, धार घेऊन जा. माझी सुरी बघून दर वेळी म्हणायची, "हाई सुरी शे का खुरपं?" आणि अधूनमधून दगडावर रेघा मारून तो काचेवर घासायची. किशोर म्हणायचा, आई, तो झिजत नाही, कशाला त्रास? तिला ते पटत नसे. "झिजत नही असा दगड मी अजून दखा नही." सहसा सगळ्या रेघा एकदमच पुसल्या जायच्या, म्हणजे दगड सपाटच होता. तरी ती बघायची. तिला माहीत असणं पुरत नसे, बघितलेलं असावं लागे. मी पुष्कळ माणसं बघितली, शिकलेली, न शिकलेली. स्वतःचं काम कुणी न सांगता पुन्हा तपासणारं माणूस मी क्वचितच बघितलं.

तिच्या उत्तरकार्याला, आमच्याकडे गंधमुक्ती म्हणतात त्याला, रंजनाने वरण-बट्टी ठरवली. किशोर म्हणाला आचारी सांगू. मी म्हटलं, सांग, पण बट्टी तिच्या सुरीने कापली जाईल, मी बसेन. रंजनाने खिडकीतल्या फळीवरून सुरी आणि दगड काढून दिला. कापड सोडलं तर दगडावर आडव्या-उभ्या रेघा. काळ्या, ताज्या, एकही पुसलेली नाही. गेली त्याच्या आदल्या दिवशी मारून ठेवल्या असणार, सकाळी उजेडात घासू म्हणून… रंजना तोंडाला पदर लावून बाजूला झाली. मी म्हटलं, रडायचं असेल तर रड, पण आधी काच आण.

काच ओट्यावर मांडली, खाली ओलं फडकं घातलं. डबीत पेस्ट थोडी उरली होती. मी घासायला बसले. जोर एका बाजूला जात होता, आवाजावरून मलाच कळलं, हात बदलला. धुऊन उन्हात धरला तर सगळ्या रेघा एकदमच गेल्या होत्या. दगड सपाट होता. घासायची गरजच नव्हती. ते घासल्याशिवाय कळलं नसतं.

रंजना पुढे वाकली. कोपऱ्यातल्या खड्ड्यात बोट ठेवून म्हणाली, "मोठमाय, आठे एक रेघ ऱ्हायनी."

"ऱ्हावू दे," मी म्हटलं. "सुरी तठे जात नही."

मग सुरीला धार लावली आणि परात पुढे ओढली.